पानावरची फुंकर

कानाझावा,
१८ डिसेंबर

चि. हारु,

ताईचे आशीर्वाद. सेंदाईला थंडी कडाक्याची असेल. मी विणलेला गळपट्टा गळ्यात घाल, खुंटीला घालू नकोस. इथे परवा आभाळ गडगडलं आणि त्यामागून दरवर्षीसारखा बुरी मासा आला म्हणून बाजारात बायकांची झुंबड उडाली. यंदा मी सलगमात बुरी मुरवायला घातलाच नाही. वेळ झाला नाही. तेव्हा नव्या वर्षाला डबा येणार नाही, वाट पाहू नकोस.

दुकान बरं चाललंय. ज्या कागदांत घालून बाबांनी वर्षानुवर्षं सोनं ठोकून वर्ख केला, तेच जुने कागद पर्यटक बायका नाकावरचं तेल टिपायला घेऊन जातात. "एवढं सोनं खाल्लं या कागदाने आणि शेवटी नाकाशी गेला," असं बाबा प्रत्येक गठ्ठ्याला म्हणायचे.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर लिहायला कितीदा तरी बसले आणि भांडी घासायला उठले.

तू लिहितोस की हल्लीची वर्खाची पानं आम्लावर तरंगत ठेवली की सुरकुतीशी फाटतात, चांदी विरघळून जाईपर्यंत टिकतच नाहीत. आधीची मात्र अख्खी राहायची. पांढरट पान तपकिरी व्हायचं, आणि उरलेल्या सोन्यात डोळ्यांना न दिसणारी भोकंच भोकं. मार्चपर्यंत तशी भोकांची अख्खी पट्टी दाखवली नाहीस तर प्रयोगशाळेतली नोकरी संपणार. आणि पानं ठोकणाऱ्या तोकुजीकाकांना विचारायला सांगतोस, त्यांनी ठोकण्यात काय बदललं म्हणून.

तोकुजीकाकांनी काही बदललेलं नाही. त्यांनी पानाला हात लावून वर्षं लोटली, आता ते अंगणातली मांजरं मोजतात. ती पानं बाबांची होती.

तू घर सोडलंस त्या दिवशीचं त्यांचं बोलणं तू विसरला नसशीलच. "पान उजेडात धरायचं आणि भोक दिसलं की फेकायचं, यात माझा जन्म गेला. आणि हा भोकं पाडायचा पगार घेणार!" तुला सोन्याचा कणही देणार नाही म्हणाले होते. तू मला पानांसाठी लिहिलंस तेव्हा मी त्यांना भीत भीत सांगितलं. "मला ऐकू येत नाही," म्हणाले. ठोकयंत्राने कान गेलेत खरे, पण तेवढं त्यांना ऐकू आलं होतं. काही दिवसांनी सकाळी माझ्या भाताच्या वाडग्याशेजारी पानांचा गठ्ठा. अर्धं सोनं, अर्धी चांदी. असली पानं दुसरं कोण मागतं? "तोकुजीची म्हणून पाठव. आणि त्याला कळलं तर तुझी खैर नाही."

पान उचलून नव्या कागदावर ठेवायचं काम आईचं होतं, तुला आठवतं. मधोमध हलकी फुंकर मारली की पान आपोआप सपाट पसरायचं. आई गेल्यावर तिचा बांबूचा चिमटा बाबांनी घेतला. बायकी काम म्हणून हसायचे, पण फुंकर आईसारखीच जमवली. तुझी पानं फाटत नव्हती ती त्या फुंकरीमुळे.

या शरदात त्यांचा दम गेला. फुप्फुसं निकामी झालीत, हारु. ऑक्टोबरपासून ते इस्पितळात आहेत. सुरकुतलेली पानं माझी आहेत. बाबांच्या मागे उभं राहून जन्म काढला, पण माझी फुंकर एक तर जोरात जाते, नाही तर वाकडी.

तुझं पत्र मी त्यांच्या कानाशी ओरडून वाचलं. अख्ख्या खोलीने ऐकलं.

"हारु म्हणतो, आधीची पानं फार चांगली होती! फाटत नव्हती!"

"फाटतील कशी? त्याच्या बापाची होती ती!" असे हसले की खोकल्याने नर्स धावत आली. मग म्हणाले, "उद्या चिमटा आण. आणि पान."

मी नेलं. नेऊ नये एवढी अक्कल मला हवी होती. हात जराही कापला नाही त्यांचा. पान उचललं, कागदावर टेकवलं, नाकातली नळी काढली आणि फुंकर मारली. पान हललं नाही. परत मारली. तिसऱ्यांदा नुसतेच ओठ हलले. जन्मभर ओरडून बोललेला माणूस हळूच म्हणाला, "जाऊ दे. गुंडाळ." तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून असतात. बर्फ वितळेपर्यंत राहतील असं धरून चालू नका, असं डॉक्टर म्हणाले.

तू ये, असं मी लिहीत नाही. "त्याला बोलावू नकोस, काम अडेल," एवढंच ते म्हणाले, आणि रागाने नाही म्हणाले. आलास तरी दोघं बोलणार काय? त्यांना ऐकू येत नाही आणि तुला ओरडता येत नाही.

माझ्याकडून आता पानं येणार नाहीत. मला जमेपर्यंत तुझी नोकरी राहणार नाही, आणि जमेल असंही वाटत नाही. कपाटात त्यांच्या हातचा अर्धा गठ्ठा सापडला, तो सोबतच्या डबीत आहे. तेवढ्याने तुझा मार्च निघणार नाही, मला ठाऊक आहे. तरी पाठवतेय, इथे ठेवून मी काय करू?

डबी उघडताना खिडकी लाव आणि तोंड बाजूला कर. ती पानं बाबांनी फुंकरीने निजवली आहेत. विस्कटली तर परत निजवणारं आता आपल्या घरात कोणी नाही.

तुझी ताई,
तोमोए