शंभरचा फोर्क आणि रबराची रिंग

१२ नोव्हेंबर, मंगळवार. मुलुंड

फोर्क आजही घेतला नाही. सुहासची सायकल त्याच्या लेकीला, इराला द्यायची, तर पुढच्या चाकाचा धक्के झेलणारा जुना फोर्क बदलायलाच हवा. सील वाळलेत, तेल झिरपतंय. दुकानदार एकशेचाळीस मिलिमीटर दबणारा गळ्यात मारत होता. या फ्रेमला शंभरचाच. जास्त उंच लावला तर चढावर पुढचं चाक भरकटतं. मला हे कुणी शिकवलेलं नाही, पण माझं चुकत नाही.

मग त्याने विचारलं, "चालवणाऱ्याचं वजन किती, साहेब? फोर्कमध्ये हवा त्या हिशेबाने भरायची."

"अडुसष्ट," मी म्हटलं.

इरा शेजारीच होती. "काका, ते बाबांचं. मी बावन्न."

भाऊ जाऊन दोन वर्षं झाली. तोंडातून आलं कसं?

घरी येऊन पुन्हा त्या रिंगपाशी बसलो. फोर्कच्या नळीवर रबराची बारीक रिंग असते. फोर्क दबला की वर सरकते आणि तिथेच राहते. येऊरच्या उतारावरून सुहास शेवटचा हसत आला, नंतर आठवड्याभरात तापाने गेला. रिंग त्याने सोडली तिथेच आहे. मी नळी पुसतो, रिंगला फडकं लावत नाही.

रविवारी इराला येऊरला जायचंय. म्हणजे शनिवारी जुना निघणार. दुकानात नको, तिथे आधी दाबूनच बघतात. मीच काढीन.

रिंगची जागा मोजून ठेवावी म्हणून व्हर्नियर घेतला. आजवर सगळं मोजूनच केलं. हे मोजवेना. मोजलं की ती सरकली तरी चालेल, असं होईल.