फलकावर नसलेली नोंद

३ जून

उडवली त्याची पोस्ट! जेवणाच्या सुट्टीत, लॅबच्या जिन्यात उभी राहून, डबा उघडायच्या आधी.

काय लिहावं त्या ‘करवत’ नावाच्या सदस्याने! तेही अख्ख्या मंचासमोर – ‘माळीणबाईंनी आयुष्यात ज्युनिपर पाहिलेला दिसत नाही. फायकसची विद्या सरसकट सगळ्या झाडांना लावतायत.’ मला! बोन्सायचा हा मंच सुरू झाला त्या दिवसापासूनची ॲडमिन मी. गच्चीत पाय ठेवायला जागा नाही इतकी झाडं माझी. सगळी फायकस, म्हणजे वड-पिंपळाच्या कुळातली आहेत, हे खरं. पण म्हणून काय? पहिल्या दोन ओळींतच नाकाला मिरच्या झोंबल्या. पुढचं वाचलंच नाही.

विषय तसा साधा होता. ‘नवखा’ म्हणून एक नवीन सदस्य आलाय. त्याच्या वडिलांनी आयुष्यभर जपलेला ज्युनिपर, थंड हवेतलं सुरूसारखं झाड. वडिलांना अर्धांगवायू झाला, आता झाड याच्या गळ्यात. एका बाजूने पिवळं पडलंय, पाणी वरच साठून राहतं, काय करू – असं विचारत होता बिचारा. मी सांगितलं: कुंडीतून काढ, मुळं स्वच्छ धू, एक तृतीयांश काप, नव्या मातीत लाव. नीट, पायरी-पायरीने लिहिलं. त्यावर हे बक्षीस!

‘दुहेरी’ म्हणून उडवली. म्हणजे तीच पोस्ट चुकून दोनदा पडली होती, असं.

४ जून

नियम मीच लिहिलेत. जुन्या मंचावरचा ॲडमिन मनाला येईल तेव्हा पोस्ट गायब करायचा, म्हणून तर आम्ही तिथून उठून हा मंच काढला. इथे पोस्ट काढली की सगळ्यांना दिसणाऱ्या फलकावर नोंद – कोणती, का, कोणी काढली. दुसऱ्या ॲडमिनची संमती हवी. ज्याची पोस्ट गेली त्याला दाद मागता येते. पहिल्याच पानावर ठसठशीत लिहिलंय – इथे काहीही गुपचूप काढलं जात नाही. वाक्य माझंच. केवढा अभिमान होता मला त्याचा!

सूट फक्त ‘दुहेरी’ला. लोक बटण दोनदा दाबतात, त्याची कसली नोंद ठेवायची? तीही सूट मीच सुचवली होती.

‘उद्धट भाषा’खाली काढता आली असती की. पण मग मास्तरांना विचारावं लागलं असतं. दुसरे ॲडमिन तेच, निवृत्त शिक्षक. ते म्हणाले असते, ‘वरच्या दोन ओळी काढा, बाकीचं राहू द्या.’ हे मला तेव्हाही माहीत होतं.

नवरा दारातूनच – ‘काय न्यायाधीशबाई, आज कोणाला फाशी?’ रोजचाच विनोद. आज अंगावर खेकसले.

७ जून

नवख्याने फोटो टाकलेत. माती धुतलेली, मुळं कापलेली, झाड नव्या मातीत. ‘माळीणबाई, तुम्ही सांगितलं अगदी तसंच केलं. बाबा खुर्चीत बसून बघत होते. उजवा हात उचलत नाही, पण डाव्या हाताने कुंडी धरून ठेवली त्यांनी. आजारपणानंतर पहिल्यांदाच कशाला तरी हात लावला.’

सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मीही ‘शाब्बास’ लिहिलं. आता वाटतं, मी उगाचच घाबरत होते.

९ जून

करवतचा ॲडमिनसाठीच्या पेटीत निरोप – ‘माझं उत्तर कुठे गेलं? भांडत नाही, विचारतोय.’

मीच उत्तर दिलं. ‘तांत्रिक अडचण असावी.’ असावी! काय साळसूदपणा अंगात भरलाय माझ्या.

१२ जून

आता त्याने उघड लिहिलं – ‘या मंचावरसुद्धा पोस्ट गायब होतात. फलक नुसता शोभेचा आहे.’ गदारोळ. मास्तरांचा फोन आला.

‘मी फलक वरपासून खालपर्यंत पाहिला. नोंद नाही. नोंद नाही म्हणजे आपण काढलेलीच नाही. हा गृहस्थ चक्क खोटं बोलतोय! तीन महिने बंदी घालू या. तुमचं काय मत?’

मी लॅबच्या फ्रीजसमोर उभी होते, एका हातात नमुन्यांचा ट्रे. म्हणता आलं असतं. अगदी तेव्हाच म्हणता आलं असतं. म्हणाले, ‘सहमत.’

फलकावर आता नोंद आहे. करवत – बंदी – कारण: मंचावर खोटा आरोप – मास्तर, माळीणबाई.

१३ जून

घास उतरला नाही. ॲसिडिटी झालीय म्हणून सांगितलं.

१९ जून

आज लॅबमध्ये एका नळीवर चिठ्ठीच नव्हती. जिने रक्त घेतलं तिला मी सगळ्यांदेखत झापलं – ‘नाव नाही, वेळ नाही, कोणी घेतलं त्याचा पत्ता नाही! रिपोर्ट चुकला तर माणसाच्या जिवाशी गाठ आहे, कळतं का?’ ती रडवेली झाली. मी हातमोजे काढून बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले. आरशात बघवेना.

२६ जून

शेवटी वाचली. काढलेल्या पोस्ट, ज्याने काढल्या त्या ॲडमिनच्या कचरापेटीत राहतात. इतके दिवस तिकडे फिरकले नव्हते. त्या दोन ओळींपुढचं सगळं उतरवून ठेवते, म्हणजे पुन्हा कानाडोळा करता येणार नाही –

‘ज्युनिपरची मुळं भर उन्हाळ्यात धुतली आणि कापली, की झाड जातं. आणि ते कळूही देत नाही. मेल्यावर कितीतरी आठवडे हिरवंच दिसतं. आत्ता काही कापू नका. सावलीत ठेवा, मातीत काडीने भोकं पाडा, पाणी खाली उतरू द्या. कुंडी बदलायची ती थंडी सरल्यावर. वडिलांचं झाड आहे, घाई नको. जवळपास असाल तर मी येऊन बघतो. बाईंनी राग मानू नये, माझी जीभच तशी आहे.’

राग मानू नये. मी दोन ओळींवर थांबले आणि त्याने शेवटच्या ओळीत माफी मागून ठेवली होती!

चार ठिकाणी शोधून खात्री केली. प्रत्येक शब्द खरा आहे.

२८ जून

नवख्याने आज पुन्हा फोटो टाकला. हिरवंगार. खाली सगळे – ‘झाड सावरलं!’ मी एकटीने फोटो मोठा करून खालच्या फांद्या पाहिल्या. त्याला लिहिलं, फांदीची साल नखाने जराशी खरवडून बघ. आत हिरवं दिसतं का?

‘खालच्या फांद्या आतून तपकिरी आहेत. वर थोडं हिरवं. म्हणजे काय होतं?’

मी लिहिलं – ‘लक्ष ठेव. सावलीत ने.’ त्याला इतकंच सांगितलं. खरं म्हणजे याच वेळी करवतला हाक मारायला हवी होती. पण त्याला तर आम्ही दाराबाहेर काढून कडी लावलीय.

५ जुलै

नवऱ्याला सांगितलं. भाजी चिरत होता, सुरी खाली ठेवली.

‘मग सांगून टाक की.’

‘मास्तर काय म्हणतील? लोक काय म्हणतील? मंचावर तोंड दाखवायची सोय राहणार नाही.’

‘ती आत्ता तरी कुठे आहे? जेवत नाहीस, माझ्यावर डाफरतेस, फोन वाजला की दचकतेस.’ मग – ‘तुला झाडाची काळजी वाटतेय की नावाची?’

‘दोन्हीची,’ म्हणाले. त्याने पुन्हा सुरी उचलली. विश्वास बसला नव्हता त्याचा, आणि बरोबरच होतं ते.

१० जुलै

झाड तपकिरी झालं. पार शेंड्यापर्यंत.

नवखा लिहितो – ‘बाबांना कोणी काही सांगितलं नाही. पण रोज सकाळी मी खुर्ची झाडाकडच्या खिडकीशी नेतो, तर आज त्यांनी मान हलवून नको म्हटलं. दुसऱ्या बाजूला नेऊन बसवलं. माझंच काहीतरी चुकलं असणार, माळीणबाई. तुम्ही इतकं नीट सांगितलं होतंत.’

रडले. लॅबच्या त्याच जिन्यात.

११ जुलै

मास्तरांना फोन केला. सगळं सांगितलं, काही न लपवता.

‘बाई, मी त्या माणसाला खोटा म्हणालो. चारचौघांत. तुमच्या भरवशावर.’

‘हो.’

‘फलकावर लिहा. तुमच्याच हाताने. मी तुमच्यासाठी सौम्य शब्द शोधणार नाही.’

लिहिलं. तीनदा खोडून. पहिल्या खेपेला ‘अनवधानाने’ लिहिलं होतं, तो शब्द काढला. शेवटी उरलं ते असं: माळीणबाईंनी करवत यांची पोस्ट ‘दुहेरी’ म्हणून काढली. ती दुहेरी नव्हती. कारण: राग. त्यांच्यावरचा आरोप खोटा, बंदी चुकीची. माळीणबाईंचा सल्लाही चुकीचा होता; नवख्याला करवत यांचं उत्तर वाचायला मिळालं नाही, म्हणून झाड गेलं. पोस्ट जागेवर ठेवली आहे. आजपासून दुहेरीचीही नोंद होईल. मी ॲडमिनपद सोडत आहे.

बटण दाबलं आणि फोन उशीखाली ठेवला. जणू काही त्याने वाजायचा थांबणार होता!

१२ जुलै

शिव्या पडतील म्हणून जीव मुठीत धरून उघडलं. थोड्या पडल्याही. पण बाकीचे म्हणतात, ‘कबूल करायला धैर्य लागतं.’ ‘म्हणूनच हा मंच वेगळा.’ एकाने तर फुलांचं चित्र टाकलं! शिव्या परवडल्या असत्या.

करवतची बंदी उठली. तो येऊन एवढंच लिहून गेला – ‘झाड कुठल्या कुंडीत आहे? मुळाशी अजून ओल असेल तर बघतो. नवखा, पत्ता कळवा.’ मला एक शब्द नाही.

१३ जुलै

करवत जाऊन आला. झाड गेलंय, नक्की. पण जाताना आपल्या झाडाचं एक छोटं रोप घेऊन गेला होता म्हणे.

आज नीट जेवले. नवरा गालातल्या गालात हसला. वाटतं, निदान माझ्या हातात होतं तेवढं तरी निस्तरलं. पोस्ट काढली नसती तर झाड वाचलं असतं, हे आता जन्मभर सोबत राहील. पण लपवलेलं काही उरलं नाही.

१५ जुलै

नवख्याचा निरोप. मंचावर नाही, फक्त मला –

‘तुम्ही लिहिलंय की मला करवतकाकांचं उत्तर वाचायला मिळालं नाही म्हणून झाड गेलं. तसं नाही. मी ते पडल्या पडल्याच वाचलं होतं. घाबरून काहीच करायचं नाही असं ठरवलं, अवजारं परत आत ठेवली. संध्याकाळी पाहिलं तर उत्तर नव्हतं. लगेच फलक पाहिला. तिथेही नोंद नव्हती. मग पहिल्या पानावरचं तुमचं वाक्य आठवलं – इथे काहीही गुपचूप काढलं जात नाही. म्हणजे चूक लक्षात आली आणि काकांनी स्वतःच मागे घेतलं, असं धरलं मी. म्हणून अवजारं पुन्हा बाहेर काढली.’