उजवीकडून लावलेले नकाशे

डॅडी, आम्ही कॅनडाला निघालो. आधीच सांगून टाकते, कारण आडवळणाने बोललं की तुम्ही "अगं, मुद्द्यावर ये" म्हणून वैतागायचात. तुमच्या जावयाची इथली आखातातली नोकरी गेली, तिकडे मिळाली. खलास! करामाचं घर आवरतेय आणि सारखी तुमच्या रास अल खोरच्या फ्रेमच्या वर्कशॉपची आठवण येतेय.

तो अमेरिकन गिऱ्हाईक आठवतो? त्याने त्याच्या देशाचे जुने नकाशे फ्रेम करायला दिले होते. तिथल्या मूळ लोकांचा मुलूख पिवळ्या रंगात. गोरे पश्चिमेकडे सरकत गेले तसा तो दर नकाशात आक्रसलेला, शेवटच्यात तर नखाएवढा. मी तुमचा डबा घेऊन आले होते. तुम्ही फ्रेमा ओळीने भिंतीवर लावल्यात, पण उजवीकडून वाचणाऱ्या अरबी गिऱ्हाइकांची सवय, म्हणून सगळ्यात जुना उजव्या टोकाला. तो माणूस डावीकडून बघत जातो आणि चक्रावतो, कारण पिवळा रंग वाढतच चाललाय. "हे उलटं आहे," तो इंग्रजीत म्हणाला. तुम्ही त्याला "सॉरी सर, अभी चेंज करता है" म्हणालात, आणि मला हळूच, "राहू दे की असंच. मिळू दे त्यांना परत." मला हसू आलं. तुम्ही हसला नाहीत. फ्रेमा उतरवता उतरवता विचारलंत, "यांना हाकललं, ते कळलं गं. पण यांची पुरलेली माणसं? त्यांच्याजवळ कोण राहिलं?"

त्याच महिन्यात तुमचा व्हिसा संपत होता, आणि मम्मी इथल्या सिमेट्रीत पुरलेली. एअरपोर्टवर तुम्ही रडला नाहीत. "तू आहेस ना तिच्याजवळ, मग झालं," एवढंच म्हणालात. पुढे वसईला तुम्हाला मातीत ठेवलं तेव्हा शेजारी कोण, तर कुणी अनोळखी म्हातारा. जन्मभराची नवरा-बायको आणि मध्ये अख्खा समुद्र! काळीज फाटलं माझं. देवाशी कडाकडा भांडले मी त्या दिवशी.

दर नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, मी मम्मीच्या कबरीवर दोन मेणबत्त्या लावते, एक तुमच्या नावाची. आता कोण लावणार? तुमचा नातू विचारतो, "ममा, हू विल गो टू ग्रॅनी?" "बघू, इन्शाल्ला," म्हणून मी वेळ मारून नेते. काय सांगू त्याला? कुणीच नाही रे बाळा, असं आईने सांगायचं?

हे पत्र टाकायचं तरी कुठे, पण लिहितेय. परवा मम्मीकडे गेले होते. वाळू झाडली, फुलं ठेवली, ऊन उतरेपर्यंत बसले. नातवाचे मार्क, जावयाचा खोकला, करामातली भाडी, सगळं सगळं सांगितलं तिला. आम्ही जातोय, हे मात्र तोंडातून निघालं नाही.