रिकाम्या हातांनी जिना

चांगशा, २ जून १९८७

ती. लानफेनताईस,
रुईयुनचा सा. न. वि. वि.

तुझी तीन पत्रं पुढ्यात घेऊन बसले आहे. एकात डुकरीण व्यायची आहे, दुसऱ्यात छप्पर गळतंय, तिसऱ्यात मिरच्या खारात घालायच्या राहिल्यात. ताई, डुकरिणीचं बाळंतपण तुझ्यावाचून अडणार नाही गं. लेकीचं काय? सप्टेंबरात छिंगहेचे दिवस भरतात. तिला सासू नाही, नवरा गिरणीत पाळीवर. महिनाभर तिला अंथरुणावर ठेवून आलं घातलेली कोंबडी खाऊ घालणार कोण? मला तर अंडंसुद्धा धड उकडता येत नाही. तिने युएयांगहून मला विचारलंय, की आई यायचं नाही म्हणते, माझं काय चुकलं?

आता चौथं कारण शोधू नकोस, खरं ते लिही. माया आहे म्हणूनच भांडते.

तुझी,
रुईयुन

*

१३ जून

चि. सौ. रुईयुन हीस अ. उ. आ.

लिहिते, पण वाचून झालं की कागद चुलीत घाल. माझं अंग बाहेर येतं. एक-दोन वर्षं नाही, छिंगहेच्या वेळेपासून, म्हणजे चोवीस वर्षं. दिवसभर कावड वाहिली की संध्याकाळी खाली ओढ लागते, मग आडवी होऊन हाताने आत सारते. खोकले तरी विजार ओली होते. कंबर तर माझी राहिलीच नाही. तुझे भावजी गेले, त्यांनाही सांगितलं नव्हतं.

तेव्हा भाताची लावणी चालू होती, माणसं कमी. नवव्या दिवशी मी गुडघाभर पाण्यात उतरले. सासूबाईंनी अडवलं नाही आणि मीही कुरकुर केली नाही, सगळ्याच जात होत्या. आता पाच तास बसमध्ये कशी बसू? लेकीच्या दोन खोल्यांत, जावयासमोर, ओली फडकी कुठे वाळत घालू? आणि जिला स्वतःचा महिना पाळता आला नाही, ती दुसरीचा काय पाळणार? छिंगहेला डुकरिणीचंच सांग.

तुझी,
ताई

*

चांगशा, २० जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र चुलीत घातलं नाही, उशीखाली आहे. डुकरिणीवरून टोचून बोलले त्याची लाज वाटते.

तुझ्या तालुक्याला चहाच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर थान मास्तरीणबाई मालिश करतात, शाळेतल्या नव्हेत, हाताच्या गुणाला मान म्हणून सगळे तसं म्हणतात. जन्मापासून दिसत नाही त्यांना. मी तिथल्या शाळेत शिकवत होते तेव्हा पाळीत माझ्या ओटीपोटात गोळा यायचा, त्यांच्या हातांनी मला उभं केलं. बायकांशिवाय कुणाला आत घेत नाहीत, लाजू नकोस. माझं नाव सांग. नाही गेलीस तर मी शाळा सोडून तुला न्यायला येईन, मग मुलांचे शिव्याशाप तुझ्या डोक्यावर.

तुझीच,
रुईयुन

*

३० ऑगस्ट

चि. सौ. रुईयुन हीस अ. उ. आ.

मी काय अनुभवलं ते मला नीट लिहिता येईल की नाही कोण जाणे.

पहिल्या दिवशी थानबाईंनी चहाच्या किटलीला धरून हात गरम केले, माझ्या पोटावर सुती फडकं टाकलं आणि वरून तळवा ठेवला. नुसता ठेवला. इतका वेळ, की मला वाटलं म्हातारीला डुलकी लागली. मग विचारलं, पहिलटकरीण असताना कितव्या दिवशी उठलीस? मी म्हटलं, महिनाभर पाळलं. त्या म्हणाल्या, तोंड महिना म्हणतंय, पोट आठ-दहा दिवस म्हणतंय. मग कमरेवरून अंगठा फिरवत म्हणाल्या, कावड उजव्या खांद्यावर, आणि चढावर डावा पाय आधी. रुईयुन, मला भीतीच वाटली. चोवीस वर्षं डोळस माणसांत राहिले, कुणाला दिसलं नाही.

पण फुशारकी नाही हो त्यांना. स्पष्ट म्हणाल्या, खाली आलंय ते माझ्या हातांनी वर जाणार नाही. आधी दवाखान्यात बाई डॉक्टरकडे जा, त्या आत आधाराची रिंग बसवतात. ताठलेली कंबर आणि दुखणारं ओटीपोट, तेवढं माझ्याकडे. रिंग बसवली. मग आठवड्यातून दोनदा मालिश. कमरेखालच्या हाडाजवळ बोटांच्या पेरांनी दाबायच्या, पोटावर तळवा गोल फिरवायच्या, जात्यासारखा, सावकाश. पाचव्या खेपेनंतर मी सकाळी उठले आणि कंबर कुठे गेली म्हणून शोधत बसले. अट एकच होती, भरल्या किटलीहून जड काही उचलायचं नाही.

आता माझा मूर्खपणा ऐक. शेवटच्या दिवशी ज्यांनी एवढं केलं त्यांच्याकडे हात हलवत कशी जाऊ? मिरच्यांची मोठी बरणी घेतली, बारा किलोची, आणि निघाले. दुसऱ्या मजल्यावर पोचते तोच वरून त्यांचा आवाज आला, की आहे तिथेच ठेव. माझ्या पावलांवरून त्यांनी ओझं ओळखलं होतं. आता बोलणी खायची म्हणून मी मान खाली घातली. त्या भिंत चाचपत खाली आल्या, सत्तरीची बाई, बरणीला कवेत घेतलं आणि मला म्हणाल्या, पुढे हो, हात मोकळे सोडून चाल.

सहा वर्षांची असल्यापासून मी रिकाम्या हातांनी चढ चढले नव्हते, या जिन्यावरही दर खेपेला हातात बाजाराची पिशवी असायचीच. हात कुठे ठेवायचे तेच कळेना. मागे त्यांची धाप ऐकू येत होती आणि मी रडत चढत होते. वर गेल्यावर त्यांनी एक मिरची चाखली आणि म्हणाल्या, मीठ कमी आहे.

छिंगहेला कळव, आई येते. डुकरीण शेजारणीकडे देते.

तुझी,
ताई

*

युएयांग, २५ सप्टेंबर

चि. सौ. रुईयुन हीस अ. उ. आ.

मुलगी झाली हे तारेने कळलंच असेल. नाक तुझ्यावर गेलंय, त्याला इलाज नाही. बसमध्ये मी पाच तास बसले आणि एकदाच फडकं बदललं.

आज नववा दिवस. सकाळी बघते तर छिंगहे उठून लंगोटांची बादली उचलायला वाकलेली. आपसूक माझाच हात पुढे गेला होता, तो मागे घेतला. जावईबापू रात्रपाळी करून झोपले होते, त्यांना हाक मारून उठवलं आणि म्हटलं, या घरात आम्ही दोघी बादली उचलणार नाही, कारण छिंगहेला मी सांगेन. त्यांनी मुकाट्याने उचलली. मग तिला निजवून सगळं सांगितलं, तुला सांगितलं तसंच. ती माझा हात धरून राहिली.

मग तोच हात मी किटलीला धरून गरम केला आणि फडक्यावरून तिच्या पोटावर ठेवला. मला काय येतंय त्यातलं? दाबलं नाही, चोळलं नाही, नुसता ठेवला आणि बराच वेळ ऐकत बसले. पोट काहीच सांगत नव्हतं गं. सांगण्यासारखं त्याच्याजवळ अजून काही नाही.

एकवीस दिवस राहिलेत. तुझा लोभ आहेच, तो आता माझ्यात आणि नातीत वाटून दे.

तुझी,
ताई