आधी समोरच्याचं म्हणणं

प्रिय चिमणे,

सध्या बाजारात तुझ्या आईच्या नावाचा बोलबाला आहे आणि मी छाती फुगवून दुकानात बसतोय. दुरुस्तीला आलेली घड्याळं तशीच पडलीत. तू लांब नोकरीला गेल्यापासून तुम्हा मायलेकींचं बोलणं माझ्यामार्फतच चालतं, म्हणून हीही बातमी या घरच्या टपालवाल्यानंच द्यायची.

कोपऱ्यावरची बेकरीवाली आठवते ना? तिचा नवरा गेल्यावर तिच्या दिरानं, तो ट्रक चालवतो त्यानं, बेकरीसकट सामाईक घर विकायला काढलं. तिनं साफ नकार दिला. मग दोन्हीकडचे नातेवाईक जमले, दगड फिरले, बेकरीची काच फुटली आणि गल्लीत दोन तट पडले. ती कोर्टात गेली. न्यायाधीशबाईंनी विक्री थांबवली, नवऱ्याचा वाटा तिचाच आहे हे स्पष्ट सांगितलं आणि पुढे एकत्र राहायचं कसं, हे ठरवायला प्रकरण आपल्या ज्येष्ठांच्या बैठकीकडे पाठवलं. पंचांत एक तरी बाई हवी आणि जे ठरेल ते कोर्टापुढे आणायचं, अशा अटी घातल्या. आम्ही पुरुषांनी नाकं मुरडली, पण कोर्टापुढे कुणाचं चालतंय? दोन्ही घरांचे कपडे शिवणारी आणि दोघांनाही तोंडावर बोलणारी बाई एकच होती, तुझी आई. आमच्या घरातले निकाल इतकी वर्षं तीच देते, हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही.

बैठकीची जुनी रीत तुला ठाऊक आहे. आपली बाजू मांडण्याआधी समोरच्याची मांडायची, आणि समोरचा ‘हो, हेच’ म्हणेपर्यंत स्वतःबद्दल अवाक्षर काढायचं नाही. अलीकडे आम्ही ती उरकतच होतो. दोन वाक्यं झाली की चहा. आईनं उरकू दिली नाही. दीर म्हणाला, हिला घर हवंय. बेकरीवाली म्हणाली, “नाही, अजून राहिलं.” हिला बेकरी हवीय. “अजून राहिलं.” तो घामाघूम झाला. तेवढ्यात निवृत्त मास्तरांनी तोडगा काढला, मागची खोली तिला द्या आणि मिटवा. मीही मान डोलावली. तशी तुझी आई कडाडली, “हक्क वाटायला बसलोय का आपण? तो तिचा आहेच, कोर्टानं सांगितलंय. दोघं एका गल्लीत सुखानं कशी राहतील, तेवढं बघा.” मी छताकडे बघत राहिलो.

मग दीर खाली बघत म्हणाला, “ती म्हणते, हे घर मी नवऱ्याबरोबर उभं केलं. तो गेल्यावर दिरानं गिऱ्हाईक आणलं, पण जेवलीस का म्हणून एकदाही विचारलं नाही.” बेकरीवाली “हो, हेच” म्हणाली आणि रडायला लागली. मग तिनं त्याची बाजू सांगितली, की त्या घरात पाऊल टाकलं की त्याला भाऊ दिसतो, म्हणून ते घरच नकोसं झालंय. त्यालाही ‘हो’ म्हणायला वेळ लागला नाही. आता बेकरी आणि खालचं घर तिच्या नावावर, वरचा मजला त्याचा, हवा तर त्यानं भाड्यानं द्यावा, आणि काच बसवायची ती दगड मारणाऱ्यांनी. सोमवारी कोर्टात हे सगळं आईच उभी राहून सांगणार आहे. आरशासमोर तिचा सराव चाललाय आणि स्वयंपाक माझ्या गळ्यात पडलाय. अशी बायको मिळाली, याचा मला केवढा अभिमान वाटतो म्हणून सांगू!

पण हे पत्र त्यासाठी नाही. बैठकीहून आल्यावर ती म्हणाली, “चिमणीला लिहा. मी सांगते तसंच, मध्ये तुमचं काही घालू नका.” तर हे तिचे शब्द: “चिमणी म्हणते, मी स्वतःच्या बळावर नोकरी मिळवली आणि आईला पडली होती ती लोक काय म्हणतील याची. निघाले त्या सकाळी ती मशीनवर शिवत बसली, दारापर्यंतसुद्धा आली नाही. मी वळून वळून बघत होते.” तू वळून बघितलंस हे तिला कसं कळलं, ते मी विचारलं नाही. राहिलं असेल तर तसं कळव, ती पुन्हा सांगेल. तोवर स्वतःबद्दल अवाक्षर काढणार नाही म्हणाली. मात्र या वेळी उत्तर माझ्या नावे नको. तिच्याच नावे लिही.

टपालाच्या नोकरीतून सुटका मागणारा,
तुझाच
बाबा