नाटकातलं बोंड

पुणे, ५ ऑक्टोबर २०१७

बाबा, तुम्हाले अन् मायले जयभीम.

फोनवर तुम्ही "सगळं बरं हाय" म्हनून लगेच ठेवून देता, म्हनून पत्र लिहून राह्यली. मी मजेत हाय. मेसचं जेवन आता मानवते. मायचे गुडघे कसे हायेत?

काल नव्या लेखकायच्या एकांकिका झाल्या. माही तिसरी होती. सुरुवातीले "मले" ऐकून लोक हासले, मंग गप बसून ऐकत राह्यले.

तुम्ही नाटकासाठी निवडून पाठवलेली कपाशीची बोंडं कामी आली. शेवटी नटानं त्यातलं सगळ्यात टपोरं बोंड फोडलं, तर आतून गुलाबी अळी निंगाली. हे माह्या नाटकात नव्हतं. लोकायले वाटलं ठरवूनच केलं, त्यायनं लय टाळ्या वाजवल्या. मी पडद्यामागं उभी होती. डोळ्यापुढं आपलं मोताळ्याचं वावर आलं.

बाबा, बोंड वरून हिरवंगारच दिसते. पत्र भेटलं की दुसऱ्याच सकाळी वावराच्या कडेच्या धुऱ्यापासून मधोमधपर्यंत वीस बोंडं फोडून पाहा. बरं नसन तर "बरं हाय" म्हनू नका.

दिग्दर्शक म्हनते, "पुढच्या प्रयोगालाही घरून अशीच अळीची बोंडं मागव." वीस फोडूनही तुम्हाले एक न सापडो.

तुमची,
सुकेशनी