आईनं उलटवलेला पिझ्झा

निरवांगी, रविवार, पौष, सन १९५६

शी! हाताचा वास जात न्हाय. जहाजाच्या भटारखान्यातनं सुट्टीवर घरी आलोय. तितली नोकरी बरी हाय हे आबांना पटावं, म्हणून आज इटलीच्या बंदरात शिकलेला पिझ्झा केला. पातळ लाटला, तव्यावर ठेवून वर टमाटी अन् डब्यातलं चीज घातलं. मी सरपण आणायला उठलो, तवर आईनं सवयीनं भाकरीसारखा तव्यावर उलटा टाकला!

"एका अंगानं कच्चा कसा खायाचा?" म्हणते.

चीज जळलं, घरभर घाण सुटली. हाताला अजून तोच वास. आबांनी एक घास घेतला, थुंकला, अन् आपली भाकर माझ्या ताटात टाकली.

"तितं हेच खातोस व्हय रं? नगं जाऊस परत."

आता कुठल्या तोंडानं सांगू, की तितं मी बरा हाय?